सही होईपर्यंत

काका गेल्यावर चष्मेवालीने त्यांचा दवाखाना आठवडाभरात रिकामा केला. दात तपासायची खुर्ची, तिच्याशेजारचं चिनी मातीचं बेसिन, हत्यारांचा स्टीलचा ट्रे, काचेचं उंच कपाट, बाहेरच्या पॅसेजमधला पेशंटचा बाक, सगळं जुन्या बाजारवाल्याने टेम्पोत कोंबून नेलं. जागा भाड्याची होती, ती मालकाला परत गेली आणि मालकाने घर पाडून तिथे गाड्या लावायची सोय केली. काकांचं म्हणावं असं जगात काही उरलं नाही. उरलं एक पिस्तूल, आणि ते काही केल्या जाईना.

तसं ते देखणं होतं. तळव्यापेक्षा थोडं मोठं, मुठीला हस्तिदंत, नळीवर वेलबुट्टी, आणि आत निळी मखमल लावलेली लाकडी पेटी. काका दातांचे डॉक्टर, पण हा एक शौक त्यांनी रीतसर परवाना काढून केला होता. पेटी दवाखान्यातच, खुर्चीमागच्या फळीवर असायची. घाबरून तोंड मिटून बसलेल्या पेशंटला ते म्हणायचे, "उघडताय की ती पेटी उघडू?" पेशंट हसायचा, आणि हसताना तोंड उघडलं की काका काम उरकून घ्यायचे. चष्मेवालीचे आईवडील लवकर गेले, ती काकांकडेच वाढली आणि पुढे तिने चष्म्यांचं दुकान काढलं. हा विनोद तिने इतक्यांदा ऐकला होता की तिला पेशंटपेक्षा आधी हसू यायचं.

"विकणं सोपं आहे," बंदुकांच्या दुकानाचे मालक तिला पहिल्याच भेटीत म्हणाले, "फक्त घाई असेल तर विसरा."

त्यांना सगळे फौजी म्हणत. फौजेत ते कधीच नव्हते, मिशा तेवढ्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बोटांवर मोजत समजावून सांगितलं. परवाना काकांच्या नावाचा, तो काकांबरोबर संपला. म्हणून पिस्तूल आधी दुकानात जमा करायचं, घरात ठेवणं गुन्हा. मग वारस म्हणून तिचा अर्ज, बाकी कुणी वारस असतील तर त्यांची ना-हरकत. मग कारागिराची तपासणी, नळीवरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक एकच आहे ना याची खात्री. मग घेणारा शोधायचा, त्याच्याकडे स्वतःचा परवाना हवा, त्याची पोलीस पडताळणी हवी, पिस्तूल कुठे ठेवणार ती जागा पोलिसांनी जाऊन बघायला हवी. आणि सगळ्यात शेवटी याच टेबलावर, त्यांच्या समोर, दोघांच्या सह्या.

"आणि तोवर?"

"तोवर ते माझ्या तिजोरीत. पण मालकी तुमची. सही होईपर्यंत पिस्तूल तुमचं, जबाबदारी तुमची, हो म्हणायचं की नाही तेही तुमचं. सही झाली की मात्र वळून बघायचं नाही."

कारागिराने नळीत बारीक दिवा घालून बघितलं आणि मान हलवली. "झाडलेलं आहे."

"काकांनी कधीच नाही झाडलं," चष्मेवाली म्हणाली. "शोभेला होतं ते."

"असेल. त्यांच्या आधी कुणीतरी झाडलं असेल. नळी एवढंच सांगते की झाडलंय. कधी आणि कुणावर ते नाही सांगत."

अर्ज, तारखा आणि हेलपाटे यांत वर्ष सरत आलं. नवरा तिला म्हणायचा, "लग्नाला एवढे कागद लागले असते तर मी सुटलो असतो." मग परवानगी आली, आणि घेणारे यायला लागले. पहिला आला तो खुसपटं काढणारा होता, मुठीवरची बारीक चीर दाखवून दाखवून निम्म्या किमतीवर आला. दुसऱ्याचा परवानाच संपलेला निघाला. आणि मग एका दुपारी ठेकेदार आला.

पन्नाशी ओलांडलेला, गोलमटोल, हसतमुख माणूस. घरांच्या आतल्या सजावटीची कामं घ्यायचा, बोटांच्या पेरांत अजून पुट्टी होती. त्याने फौजींच्या मिशांचं कौतुक केलं, चष्मेवालीला नमस्कार केला, आपला चष्मा काढून "ताई, हा सारखा घसरतो, एकदा बघाल का?" असंही विचारून घेतलं. तिने तिथल्या तिथे दांडी वाकवून दिली. मग फौजींनी पेटी आणून टेबलावर ठेवली.

इतर गिऱ्हाइकं आधी पिस्तूल हातात घेत, नळीतून बघत, तोलून बघत. ठेकेदाराने त्याला हात लावला नाही. त्याने पेटी उघडली आणि नाक जवळ नेऊन मखमलीचा वास घेतला. मग पेटी मिटली, टेबलावर किंचित तिरकी केली आणि चार पावलं मागे सरून बघत राहिला. पुन्हा पुढे आला, आणखी थोडी तिरकी केली, पुन्हा मागे गेला. घरात फुलदाणी कुठे शोभेल ते बघावं तसं.

"घोडा पाडून दाखवता?" त्याने विचारलं.

"नाही," फौजी म्हणाले. "जुनी चीज आहे. रिकामा घोडा पाडला की आतली पिन मोडते. विकत घ्या, मग तुमच्या जबाबदारीवर काय ते करा."

"एकदाच. आवाज ऐकायचा होता."

"आवाज काय ऐकायचाय? खट् होतं."

"खट् की खट्ट?" ठेकेदाराने विचारलं. विचारताना तो हसतच होता, पण चष्मेवालीला उगीचच वाटलं की दुकानातला पंखा क्षणभर थांबला.

 ठेकेदाराने किमतीवर एक शब्द काढला नाही. "मी घेतो," म्हणाला.

त्याचे कागद आरशासारखे स्वच्छ होते. परवाना चालू, गुन्हा एकही नाही, शेजाऱ्यांनी चांगलंच सांगितलं. फौजी म्हणाले, "इतका सरळ घेणारा मी फार दिवसांनी बघतोय," आणि चष्मेवालीने तो पंखा डोक्यातून काढून टाकला. मग एक दिवस ठेकेदाराचा फोन आला. "ताई, उद्या दुपारी हवालदार जागा बघायला येतायत. तुम्हीही या. तुमच्या काकांची वस्तू कुठे राहणार ते तुम्ही बघायला हवं."

ही गोष्ट तिला आवडली. दुकान मदतनीस बाईवर सोपवून ती गेली.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडल्यावर साधी बैठक, एकटा माणूस राहतो हे सांगणारी. हवालदार आधीच पोचला होता, घाम पुसत बसला होता. ठेकेदाराने दोघांना पाणी दिलं आणि म्हणाला, "खोली आत आहे."

आत जायला एक अरुंद पॅसेज होता. पॅसेजमध्ये बाक होता. चष्मेवाली बाकाजवळून पुढे गेली आणि थबकली. बाकाच्या डाव्या हाताला, लाकडात, खिळ्याने कोरलेलं मांजराचं तोंड होतं. ते तिने स्वतः कोरलं होतं. पाचवीत असताना, काकांची वाट बघत. त्यासाठी काकांचा ओरडाही खाल्ला होता.

"या ना," ठेकेदार दार उघडून म्हणाला.

आत काकांचा दवाखाना होता.

खुर्ची होती, हाताच्या टेकूवरचं रेक्झिन फाटलेलं तिथे फाटलेलं. बेसिन होतं, काठाचा टवका उडालेलं. स्टीलचा ट्रे, वाकडा दिवा, बाजूला काचेचं कपाट, समोर हिरवा पडदा, भिंतीला तोच फिक्कट मोरपंखी रंग. खिडकी बरोबर तिथेच आणि तेवढीच, तिच्यातून येणारा उजेडही तसाच, खुर्चीच्या पायाशी येऊन संपणारा. लवंगेच्या तेलाचा वास. खुर्चीमागे फळी, आणि फळीखाली भिंतीत गाडलेली पोलादी तिजोरी, तेवढी एक नवी.

हवालदाराने तिजोरी हलवून बघितली. हलली नाही. किल्ली फिरवून बघितली, खिडकीचे गज मोजले, बाहेरून कुणी चढून येईल का ते डोकावून पाहिलं. "उत्तम," तो म्हणाला. "दातांचे डॉक्टर का तुम्ही?"

"नाही हो. हौस."

"असते एकेकाची," म्हणत हवालदाराने सही ठोकली, उरलेलं पाणी प्यायला आणि निघून गेला. कायद्याच्या दृष्टीने त्या खोलीत काहीच वावगं नव्हतं.

चष्मेवाली मात्र जागची हलली नव्हती. तिच्या मनात भलतंच येत होतं: आता आतल्या बाजूने काका हात पुसत येतील आणि म्हणतील, जेवलीस का गं?

"घाबरू नका," ठेकेदार म्हणाला. "मी वेडा नाही. म्हणजे, मला तरी तसं वाटतं. बसा."

"मी उभीच बरी आहे. हे सगळं कुठून आणलंत?"

"जुन्या बाजारातून. तुम्ही विकलंत, मी घेतलं. खुर्ची एका केशकर्तनवाल्याने नेली होती, त्याला नवी घेऊन दिली तेव्हा कुठे ती सुटली. बाक सापडायला वेळ लागला." तो स्वतः बाकावर जाऊन बसला, पॅसेजमध्ये, उघड्या दारापलीकडे. तिथून तो लहान दिसत होता. "मी सात वर्षांचा होतो. आईची दाढ दुखायची. दर आठवड्याला दुपारी ती मला घेऊन यायची. मी इथे बसायचो आणि ती आत जायची. दार बंद व्हायचं. आतून तिचं हसणं ऐकू यायचं. डॉक्टर म्हणायचे, उघडताय की ती पेटी उघडू? आणि ती हसायची."

 तो आवाज त्याने काकांचाच काढला होता.

"एके दिवशी ती आत गेली. हसली. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक आवाज झाला. खट्ट. आणि पुन्हा काहीच नाही. मी वाट बघितली. मग दार ढकललं. डॉक्टर हात धूत होते. खुर्ची रिकामी. मी म्हटलं, आई? ते म्हणाले, गेली की घरी. मी म्हटलं, कुठून? मी तर इथेच बसलोय. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, हात ओला होता. म्हणाले, चल, तुला सोडतो."

"आणि घरी?"

"घरी नव्हती. पुन्हा कधीच नव्हती. वडिलांनी लोकांना सांगितलं, माहेरी गेली. पोलिसांत गेले नाहीत. त्यांना काय ठाऊक होतं ते त्यांनी आपल्याबरोबर नेलं." ठेकेदाराने चष्मा वर सारला. "मला खून, बदला, असलं काही नकोय ताई. डॉक्टर गेले, आता कुणाला विचारायचं? मला फक्त तो आवाज कशाचा होता ते हवंय. खुर्चीचा दांडा ओढून पाहिला, तो नाही. ट्रे आपटून पाहिला, खण ओढून पाहिले, कपाटाचं दार लावून पाहिलं. यातला एकही नाही. आता फक्त पिस्तूल राहिलंय."

कपाट म्हटल्यावर तिने कपाटाकडे बघितलं, आणि काहीतरी खटकलं. मघापासून खटकतच होतं, पण बाकी सगळं इतकं बरोबर होतं की हे लक्षात येत नव्हतं.

"कपाट इथे नव्हतं," ती म्हणाली. "समोरच्या भिंतीला होतं. तुम्ही जिथे पडदा लावलाय तिथे."

"नाही. पडदाच होता तिथे. हिरवा, जाड. आई आत जाताना मी तिच्या मागून दर वेळी डोकावून बघायचो, मला वाटायचं मागे खिडकी आहे."

"मी लहानपणापासून त्या खोलीत वावरलेय. पडदा मी कधी पाहिला नाही. त्या भिंतीला कपाट होतं, सतत."

 दोघंही खरं बोलत होती, आणि ते दोघांनाही एकदमच कळलं. काकांनी कपाट हलवलं होतं. तो मुलगा यायचा बंद झाल्यानंतर आणि ही मुलगी राहायला येण्याआधी, कधीतरी.

"ताई," ठेकेदार हळूच म्हणाला, "कपाट काढलंत तेव्हा त्याच्यामागे काय होतं?"

तिला गप्प बसता आलं असतं. नंतर कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की बसायला हवं होतं. पण त्याचा चेहरा दुकानात येणाऱ्या त्या माणसांसारखा झाला होता, जे भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ वाचायला डोळे फाडतात आणि तुम्ही ती वाचून दाखवावी म्हणून आशेने बघतात.

"दार," ती म्हणाली. "हिरवं, लहानसं. मागच्या अंगणात उतरायला जिना होता. हमालांनी ढकललं तर उघडेना. मग मी मागून वळसा घालून गेले. कडी बाहेरून लावलेली होती. गंजलेली होती, विटेने ठोकून काढावी लागली."

"बाहेरून."

"हो."

तो बाकावरून उठून आत आला आणि पडद्यासमोर उभा राहिला. "बाहेरून म्हणजे," तो पडद्याला म्हणाला, "ती बाहेर गेली, आणि तिने लावली." थोडा थांबला. "नाहीतर बाहेर दुसरं कुणी होतं, आणि त्याने लावली. नाहीतर डॉक्टरांनीच नंतर जाऊन लावली. काहीतरी बाहेर नेल्यावर."

"काका तसे नव्हते," चष्मेवाली म्हणाली. म्हणताना तिच्याच कानांना ते वाक्य पोकळ लागलं. नळी एवढंच सांगते की झाडलंय.

"आता दोनच आवाज राहिले," ठेकेदार म्हणाला. "पिस्तुलाचा आणि कडीचा."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याने नेहमीसारखा विनोद केला नाही. "विकू नकोस त्याला," म्हणाला. तिने फौजींना फोन लावला. फौजी म्हणाले, "खोलीत गुन्हा नाही, माणसात खोट नाही, पण तुमचं मन नसेल तर कारणही द्यावं लागत नाही. फक्त सही करू नका."

ती रात्रभर तळमळली. एकदा काकांची बाजू घेतली, एकदा त्या पोराची. पिस्तूल द्यायचं नाही हे सकाळपर्यंत पक्कं झालं. पण नुसतं नाही म्हणून त्याला परत पाठवायचं, त्याला जन्मभर त्या बाकावर बसवून ठेवायचं, हेही तिच्याने होईना.

सहीच्या दिवशी ठेकेदार इस्त्रीचा शर्ट घालून आला. फौजींनी पेटी मांडली, कागद मांडले, दोघांपुढे पेनं ठेवली.

"थांबा," चष्मेवाली म्हणाली. "सही होईपर्यंत हे माझं आहे ना?"

"तुमचंच."

"मोडलं तर नुकसान माझं?"

"तुमचं."

"मग पाडा घोडा."

फौजींच्या मिशा थरथरल्या. "अहो, वर्षभर जपलंय मी—"

"माझ्या जबाबदारीवर. लिहून देते हवं तर."

ठेकेदार उभा राहिला.  "मी इथे नको," तो म्हणाला. "मी बाहेर बसतो. दार लावून घ्या." आणि तो दुकानाबाहेरच्या पायरीवर जाऊन बसला, पाठ दाराकडे, हात मांड्यांवर, शाळकरी मुलासारखा. फौजींनी दार लावलं. नळी रिकामी आहे ना ते स्वतः बघितलं, तिला दाखवलं, नळी वाळूच्या बादलीकडे धरली आणि चाप ओढला.

खट्.

कोरडा, बारीक, क्षुल्लक आवाज. एवढ्याचसाठी? असं तिला वाटून गेलं.

बाहेर काही हालचाल झाली नाही. तिने दार उघडलं. ठेकेदार तसाच बसला होता, डोळे मिटून.

"हा नाही," तो म्हणाला.

मग तो आत आला, फौजींची माफी मागितली आणि खरेदीतून माघार घेतल्याचं दोन ओळींत लिहून दिलं. फौजींनी चडफडत ते फाइलला लावलं. जाताना तो चष्मेवालीला म्हणाला, "घर पाडलं त्याचं लाकूड कुठल्या वखारीत गेलं असेल ते मला ठाऊक आहे, ताई. आमचाच धंदा." ती काही बोलायच्या आत तो रस्ता ओलांडून गेलाही.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. तिने मुद्दाम चौकशी केली नाही. मग एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, त्याचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"ताई, एक काम होतं. दार मिळालं. आपलं तेच, हिरवं. कडीसकट. बसवून घेतलं."

"कुठे?"

"पडद्याच्या मागे. भिंत फोडून. सकाळीच बाहेरची बांबूंची परांची उतरवली. मी दार नुसतं ओढून घेतलं होतं, कडी मोकळीच ठेवली होती बाहेर. आणि आत्ता मी बाकावर बसलो होतो, तर आवाज झाला."

"कुठला आवाज?"

"तोच."

तिने हातातली चष्म्याची फ्रेम खाली ठेवली.

"मला इथून दिसत नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त मागच्या गल्लीत येऊन वर बघाल का? एवढंच सांगा मला. दुसऱ्या कुणाला सांगू?"

ती रिक्षा करून गेली. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, ताई बरं वाटत नाहीये का? मागची गल्ली अरुंद होती, भर दुपारी ओस पडलेली, फक्त एक कुत्रा भिंतीच्या सावलीत पाय ताणून झोपलेला. इमारतीची मागची भिंत खालपासून वरपर्यंत सपाट होती. ना गॅलरी, ना जिना, ना पाइप. आणि तिसऱ्या मजल्यावर, त्या सपाट भिंतीच्या मधोमध, हिरवं लहानसं दार. त्याच्या खाली धरायला काही नव्हतं, उभं राहायला काही नव्हतं, नुसती हवा.

फोन कानाला होता. "दिसतंय?" तो म्हणाला.

तिने डोळे बारीक केले. तिची नजर चांगली होती, तिचा धंदाच तो. तरी तिने हाताने ऊन झाकून पुन्हा बघितलं. कडी कोयंड्यात होती. पूर्ण, शेवटपर्यंत सरकवलेली.

"लावलेली आहे," ती म्हणाली.

 मग ती धावत पुढच्या बाजूला गेली आणि तिन्ही मजले न थांबता चढली. घराचं दार उघडंच होतं. ठेकेदार पॅसेजमध्ये बाकावर बसला होता, फोन अजून हातात. आतला हिरवा पडदा एका बाजूला सारलेला होता. ती आत गेली आणि दोन्ही हातांनी दार ढकललं. ते जराही हललं नाही. लाकूड गार होतं, बाहेर एवढं ऊन असताना.

"मी ढकलणार होतो," ठेकेदार मागून म्हणाला. "खरं सांगतो. सकाळपासून मनात तेच होतं. दार उघडायचं आणि तिच्यामागे जायचं. ती गेली तशी. मग म्हटलं, आधी थोडा वेळ बसू बाकावर, एकदा शेवटचं. आणि बसलो तर आवाज झाला."

चष्मेवाली वळली. तो रडत नव्हता. त्याचा चेहरा मोकळा झाला होता, ताप उतरलेल्या पोराचा होतो तसा.

"तिला ठाऊक होतं मी बाहेर बसलोय," तो म्हणाला. "नाहीतर कडी कशाला लावली असती? मी मागे गेलो असतो ना."

 ती त्याच्याशेजारी बाकावर बसली. ऊन खुर्चीच्या पायापासून सरकत बेसिनपर्यंत गेलं आणि विझलं, तोवर दोघं तशीच बसून होती. मग तिने उठून त्याच्या स्वयंपाकघरात चहा केला. त्याने तो प्यायला.

गवंडी त्यानेच बोलावला. आतून विटांची भिंत घातली, वर तोच मोरपंखी रंग दिला. गवंड्याने विचारलं, बाहेरचं दार काढून घेऊ? ठेकेदार म्हणाला, राहू दे. ते अजून आहे. मागच्या गल्लीतली माणसं सुरुवातीला थांबून बघत, आता बघत नाहीत.

पिस्तूल नंतर लवकर गेलं. एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या, त्यांचा जुन्या शस्त्रांचा संग्रह होता, परवाना, पडताळणी, तिजोरी सगळं जिथल्या तिथे. मोडलेली पिन फौजींच्या कारागिराने बदलली होती आणि तसं प्रामाणिकपणे सांगितलंही होतं. सहीच्या दिवशी बाईंनी पिस्तूल हातात घेतलं, मुठीवरून अंगठा फिरवला आणि सहज विचारलं, "तुमच्या काकांनी कधी झाडलं होतं का हो हे?"

फौजींनी चष्मेवालीकडे बघितलं. दीडेक वर्षापूर्वी याच टेबलाशी तिने या प्रश्नाचं उत्तर एका दमात दिलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि सही केली.